प्रभूच्या मेजाभोवती : ख्रिस्ती सहभागितेचा आध्यात्मिक अर्थ

ख्रिस्ती उपासनेच्या मध्यभागी एक अगदी लहान भोजन आहे. भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षारसाचा एक घोट, यापलीकडे त्यात काही नसते. तरीही क्वेकर आणि साल्व्हेशन आर्मी यांच्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर जगातल्या बहुतेक सर्व ख्रिस्ती पंथांनी हे भोजन जपले आहे. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्या त्याला प्रभुभोजन किंवा पवित्र सहभागिता म्हणतात, कॅथलिकांत ते मिस्साचा गाभा असते आणि गोव्यात त्याला कुमगार म्हणतात. या घासातून माणूस ख्रिस्ताशी जोडला जातो आणि त्याच घासाने तो शेजारी बसलेल्या माणसाशीही जोडला जातो, ही त्यामागची श्रद्धा. देवाशी नाते जुळले पण शेजाऱ्याशी तुटलेलेच राहिले, अशी वाटणी या श्रद्धेला मान्य नाही. कोणी कोणाच्या हातचे खावे यावर ज्या समाजाची घडी बसलेली होती, त्या मराठी मुलखात या श्रद्धेची कसोटी फार लवकर आणि फार उघडपणे लागली. म्हणून सहभागितेचा अर्थ समजून घेताना तिचे धर्मशास्त्र आणि तिचा इथला इतिहास एकत्र वाचावा लागतो.

मूळ प्रसंग

येशूने आपल्या शिष्यांबरोबर शेवटचे भोजन केले ते यरुशलेमेत, इसवी सन ३० च्या सुमारास, वल्हांडणाच्या सणाच्या दिवसांत. इजिप्तच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची आठवण म्हणून यहुदी लोक हा सण पाळतात. घाईत निघालेल्या पूर्वजांना पीठ फुगेपर्यंत थांबायला वेळ मिळाला नाही, म्हणून या दिवसांत भाकर बेखमीर असते. कोकणाला ही परंपरा परकी नाही. आजच्या रायगड जिल्ह्यात वस्ती करून राहिलेल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाच्या घरांतही हा सण पाळला गेला आहे. प्रत्येक पिढीने आपण स्वतःच त्या रात्री बाहेर पडलो असे मानून तो साजरा करायचा असतो.

मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांनुसार येशूने त्या रात्री भाकर घेतली, देवाचे उपकार मानले, ती मोडली आणि शिष्यांना देताना हे आपले शरीर असल्याचे सांगितले. द्राक्षारसाचा प्याला त्याने आपल्या रक्ताने होणारा करार म्हणून पुढे केला. दुसऱ्याच दिवशी त्याला क्रुसावर चढवण्यात आले. त्यामुळे ती मोडलेली भाकर आणि तो मोडलेला देह शिष्यांच्या मनात कायमचे एक झाले. मेजाभोवती कोण होते, हेही लेखकांनी लपवलेले नाही. धरून देणारा यहूदा तिथे होता आणि पहाटेच्या आत ओळख नाकारणारा पेत्रही होता. योहानाच्या शुभवर्तमानात याच रात्रीच्या वर्णनात भाकर आणि प्याल्याचा विधी येत नाही. त्या जागी येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. गुलामाचे काम गुरूने केले. प्रभुभोजनाचा अर्थ सांगताना चर्चने ही दोन्ही दृश्ये नेहमी शेजारी ठेवली आहेत.

या भोजनाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख शुभवर्तमानांच्याही आधीचा आहे. पौलाने इसवी सन ५५ च्या सुमारास करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो येतो, आणि येतो तो एका तक्रारीच्या निमित्ताने. करिंथमधले खातेपिते लोक लवकर येऊन आपापले जेवण उरकत. पोटासाठी राबणारे उशिरा पोहोचत आणि उपाशी राहत. पौलाने त्यांना स्पष्ट बजावले, की अशा रीतीने जे चालते ते प्रभूचे भोजन नव्हेच. जो कोणी प्रभूचे शरीर न ओळखता ही भाकर खातो, तो स्वतःवर दोष ओढवून घेतो, असेही त्याने लिहिले. पौलाच्या लिखाणात ‘शरीर’ म्हणजे भाकरीत मिळणारा ख्रिस्त, आणि ‘शरीर’ म्हणजे त्या मेजाभोवती जमलेली मंडळीही. उपाशी शेजारी ज्याला दिसत नाही, त्याला ख्रिस्तही ओळखता आलेला नाही, असा त्या इशाऱ्याचा रोख आहे. पुढच्या दोन हजार वर्षांत सहभागितेबद्दल जे काही लिहिले गेले, त्याच्या मुळाशी हा इशारा आहे.

अर्थाचे पदर

सहभागितेचा पहिला अर्थ स्मरण. हे आपल्या स्मरणार्थ करा, असे येशूने सांगितल्याचे पौल आणि लूक नोंदवतात. पण वल्हांडणाच्या परंपरेतले स्मरण हे पुण्यतिथीला फोटोला हार घालण्यासारखे नसते. घडून गेलेली गोष्ट आजच्या माणसाला पुन्हा हाती लागते आणि तो तिच्यात सामील होतो, असा त्या स्मरणाचा अर्थ आहे.

दुसरा अर्थ बलिदानाचा. सामान्यतः बळी माणूस देतो आणि देव तो स्वीकारतो. ख्रिस्ती श्रद्धेत देणारा देव आहे आणि हात पुढे करणारा माणूस. कॅथलिक शिकवणीनुसार मिस्सात क्रुसावरचे बलिदान पुन्हा घडत नाही. जे एकदाच घडले तेच वेदीवर समोर येते. प्रॉटेस्टंट सुधारकांना ही मांडणी मान्य झाली नाही. ते बलिदान पुरे झाले आहे आणि मंडळीने अर्पण करायची ती फक्त स्तुती व स्वतःचे जीवन, असे त्यांनी सांगितले. मात्र कृपा मिळते, कमावली जात नाही, यावर दोन्ही बाजूंचे एकमत आहे. म्हणूनच ही भाकर स्वतःच्या हाताने उचलून घेण्यापेक्षा दुसऱ्याच्या हातून स्वीकारण्याची रीत बहुतेक पंथांत रूढ झाली.

तिसरा अर्थ ऐक्याचा. पौलाने एकाच भाकरीचे वाटेकरी असलेले अनेक जण एकच शरीर होतात, असे मांडले. ‘डिडाखे’ या आरंभीच्या ख्रिस्ती ग्रंथातील प्रार्थनेत डोंगरांवर विखुरलेले धान्य एकत्र येऊन जशी एक भाकर झाली, तशी मंडळीही एक व्हावी अशी विनंती आहे. चौथ्या-पाचव्या शतकांतील संत ऑगस्टीन यांनी नवदीक्षितांना शिकवताना सांगितले, की वेदीवर जे ठेवले आहे ते तुमचेच रहस्य आहे. ते घ्या आणि स्वतः ख्रिस्ताचे शरीर व्हा. खाल्लेले अन्न एरवी खाणाऱ्याच्या अंगी लागते. इथे खाणाराच अन्नात मुरत जातो, ही ऑगस्टीन यांची कल्पना पुढे पश्चिमेच्या अध्यात्मपर लेखनात खोल रुजली.

चौथा अर्थ आशेचा. येशूने देवाच्या राज्यात पुन्हा द्राक्षारस पिण्याबद्दल सांगितले होते. म्हणून हे भोजन येणार असलेल्या मोठ्या मेजवानीची चव आहे असे मानतात. मृत्यूच्या वाटेवर असलेल्या कॅथलिक भाविकाला शेवटचा ख्रिस्तप्रसाद देतात, तो त्या प्रवासाची शिदोरी म्हणून.

मराठी वाचकाला इथे वारकऱ्यांचा काला आठवेल. कीर्तनाच्या अखेरीस दही, लाह्या, चुरमुरे एकत्र कालवून एकमेकांच्या हाती, मुखी दिले जातात, आणि तेवढ्या वेळापुरती उच्चनीचता विरघळते. अन्न वाटून घेण्यातून भक्तांचे नाते घडते, इथपर्यंत दोन्ही परंपरा सोबत चालतात. पुढे फरक आहे. काला गोपाळांच्या खेळाचा आनंद आठवतो, प्रभुभोजन एका मृत्यूला सामोरे जाते आणि त्या मृत्यूतून उठलेल्या ख्रिस्ताला भेटते. दोघांचा धोका मात्र सारखा आहे. इरावती कर्वे यांनी वारीवरच्या आपल्या प्रसिद्ध लेखात एकाच दिंडीत चालणारे लोक जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळे बसतात, हे दुखऱ्या मनाने नोंदवले आहे. विधीत मिटलेले अंतर विधीबाहेर तसेच राहू शकते. चर्चलाही हा प्रश्न चुकला नाही.

ख्रिस्त तिथे कसा असतो

सहभागितेत ख्रिस्त उपस्थित असतो, हे जवळजवळ सर्व पंथ मानतात. तो कसा असतो यावर मात्र शतकानुशतके वाद झाला. चौथ्या लॅटरन परिषदेने १२१५ मध्ये भाकर व द्राक्षारस यांचे तत्त्व ख्रिस्ताच्या शरीर-रक्तात पालटते असे जाहीर केले. रंग, रूप, चव तशीच राहते. थॉमस अक्वायनस यांनी ॲरिस्टॉटलच्या परिभाषेत या मताची मांडणी केली आणि ट्रेंट परिषदेने १५५१ मध्ये त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केले. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चनेही पालट मानला, पण तो कसा होतो याची चिरफाड करण्यापेक्षा त्याला रहस्य म्हणून वंदन करणे पसंत केले.

१५२९ मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे मार्टिन ल्यूथर आणि उलरिच झ्विंग्ली समोरासमोर बसले. जवळपास सर्व मुद्द्यांवर त्यांचे जुळले, या एकावर फिसकटले. ख्रिस्ताचे शब्द अक्षरशः खरे आहेत, तो भाकरीत व भाकरीसह खरोखर असतो, असे ल्यूथर यांचे म्हणणे. भाकर ही खूण आहे, स्मरणातून विश्वास जागवते, असे झ्विंग्ली यांचे. पुढे जॉन कॅल्व्हिन यांनी वेगळी वाट काढली. ख्रिस्ताचा देह स्वर्गात आहे, पण पवित्र आत्मा विश्वासणाऱ्याला त्याच्याशी खरोखर जोडतो, म्हणून हे भोजन पोकळ खूण नाही, असे त्यांनी सांगितले. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चने ही कॅल्व्हिनची शिकवण घेतली आणि कोकणात आलेले पहिले स्कॉटिश मिशनरी तीच घेऊन आले.

तयारी आणि विधी

मिस्सात अर्पणाच्या वेळी धर्मगुरू प्याल्यातल्या द्राक्षारसात पाण्याचे काही थेंब टाकतो. गव्हाच्या बेखमीर पिठाची मोठी पांढरी चकती तो दोन्ही हातांनी उंच धरतो. पुढे ती मोडताना होणारा बारीक आवाज शांत चर्चमध्ये मागच्या बाकापर्यंत ऐकू जातो. मोडलेल्या चकतीचा एक कण तो प्याल्यात सोडतो. मग भाविक रांगेने पुढे येतात, उजव्या हातावर डावा तळवा ठेवून किंवा तोंड उघडून ख्रिस्तप्रसाद घेतात आणि ‘आमेन’ म्हणतात. हा एक शब्द म्हणजे आपला होकार असतो. सेवनाच्या आधी एक तास अन्न वर्ज्य असते. मध्यरात्रीपासून कडक उपास करण्याची जुनी रीत विसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने सैल झाली. बालकांना समज आल्यावर, साधारण सातव्या वर्षापासून, पहिले कम्युनियन देण्यास पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये मोकळीक दिली.

प्रॉटेस्टंट मंडळीत वेदीऐवजी साधे मेज असते, त्यावर पांढरे कापड आणि झाकलेली भाकर. पाळक सर्वांसमोर भाकर मोडतात. अनेक ठिकाणी द्राक्षांचा न आंबलेला रस छोट्या छोट्या प्याल्यांतून, गोल तबकात मांडून बाकांपर्यंत नेला जातो. अँग्लिकन परंपरेत लोक कठड्याशी गुडघे टेकतात आणि एकच प्याला सर्वांच्या ओठांना लागतो. बऱ्याच मंडळ्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन घेतात.

विधी कोणताही असो, त्याआधी आत्मपरीक्षण असते. कॅथलिक भाविकाला गंभीर पापाची जाणीव असेल तर त्याने आधी पापनिवेदन करावे लागते. प्रॉटेस्टंट उपासनेत सामुदायिक कबुली असते. आणि दोन्हीकडे एक जुना नियम लागू आहे: अर्पण घेऊन वेदीपाशी गेल्यावर भावाशी असलेले भांडण आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा, हे येशूचे सांगणे. मिस्सात प्रसादाआधी शेजाऱ्याला शांतीचे अभिवादन करतात, ते याच सांगण्याला धरून. खेड्यातल्या छोट्या मंडळीत बांधावरून भांडलेले दोन भाऊ एकाच बाकावर असले, तर हे अभिवादन औपचारिक राहत नाही.

मराठी मुलखात

या श्रद्धेने मराठी-कोकणी भाषांत प्रथम बाळसे धरले ते गोव्यात. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि चाळीस वर्षे तिथे राहून १६१९ मध्ये वारले. साष्टीतील नवख्रिस्ती लोकांना जुन्या पुराणांच्या जागी काहीतरी हवे होते. त्यांच्यासाठी स्टीफन्स यांनी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. ख्रिस्ताचे सगळे चरित्र, त्याच्या अखेरच्या दिवसांसह, देशी श्रोत्याच्या कानाला ओळखीच्या लयीत त्यात आले. वसईत पोर्तुगीज सत्ता १५३४ पासून होती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर ती गेली, पण तिथल्या शेतकरी, वाडवळ आणि सामवेदी ख्रिस्ती वस्त्या मिस्साभोवती टिकून राहिल्या. मिस्सा मात्र लॅटिनमध्ये होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेत लोकभाषांना वाव दिला, आणि त्यानंतर वसईच्या चर्चमधून वेदीवरची प्रार्थना मराठीत ऐकू येऊ लागली.

गोव्यातल्या चर्चने जात पुसली नाही. काही गावांत चर्चच्या कोंफ्रारिया, म्हणजे भाविकांच्या संघटना, जातवार बांधल्या गेल्या आणि सणाच्या मिरवणुकीत कोणी कोणता झगा घालायचा यावरचे वाद विसाव्या शतकापर्यंत चालले. एकाच वेदीवरून प्रसाद घेणारी माणसे मानपानासाठी वेगवेगळी उभी राहत. करिंथच्या मंडळीला पौलाने दिलेला इशारा इथेही तंतोतंत लागू पडत होता.

पंगत आणि प्रभुभोजन

उत्तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती सत्तेची पहिली ओळख मेजाची नव्हती. वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते त्या खाडीच्या दक्षिण तोंडाशी अंजनवेल गाव आणि गोपाळगड किल्ला आहे, समोरच्या काठावर दाभोळ. हे भरभराटीचे बंदर पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याने १५०८ च्या अखेरीस लुटून जाळले. याच किनाऱ्यावर सुवार्ता सांगायला माणसे आली ती तीनशे वर्षांनंतर. अंजनवेलहून खाडी ओलांडून उत्तरेला गेले की दापोली आणि हर्णै लागते, त्यापुढे सावित्रीच्या मुखाशी बाणकोट. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल १८२३ मध्ये बाणकोटला आले आणि त्याच वर्षी वारले. त्यांच्या मागून आलेल्या सहकाऱ्यांनी बाणकोट व हर्णै येथे शाळा काढल्या. १८२९ मध्ये मुंबईत उतरलेले डॉ. जॉन विल्सन यांनी मराठीचे पहिले धडे याच किनाऱ्यावर गिरवले. १८३१ मध्ये त्यांनी मुंबईत एतद्देशीय ख्रिस्ती मंडळी स्थापन केली.

या मिशनऱ्यांच्या दृष्टीने प्रभुभोजन हे जातीच्या प्रश्नातले सर्वांत कठीण वळण होते. बाप्तिस्म्याचे पाणी प्रत्येकाच्या डोक्यावर वेगळे पडते. भाकर आणि प्याला मात्र वाटून घ्यावा लागतो. दक्षिणेत तंजावर व मद्रास भागातील जुन्या मंडळ्यांत जातवार बसण्याची चाल रुळलेली होती. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये पत्रक काढून ती बंद करण्याचा हुकूम दिला, तेव्हा कित्येक कुटुंबे चर्च सोडून गेली. मराठी मुलखात प्रॉटेस्टंट मंडळ्या उशिरा उभ्या राहिल्या, त्यामुळे ही सवलत इथे आरंभापासूनच नाकारणे शक्य झाले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे केले. तिथल्या मंडळीत सुरुवातीपासून गरीब आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतील माणसे होती. हरी रामचंद्र खिस्ती या ब्राह्मण तरुणाने १८३९ मध्ये तिथे बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्याला त्याच मेजापाशी बसायचे होते. घर, नाते, वारसा, गावातला पाणवठा, सगळे त्या एका घासावर पणाला लागत होते.

ही किंमत समजण्यासाठी त्या काळच्या पांढरपेशा समाजाकडे पाहावे. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचे सभासद जातिभेद मोडल्याची खूण म्हणून पाव खात, पण गुपचूप. पुढे सभासदांची नावे बाहेर फुटल्यावर सभाच विस्कटली. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे जाहीर केली आणि शहरात मोठे ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, माजले. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. चहाच्या एका पेल्याने एवढे वादळ उठत असेल, तर महारवाड्यातल्या माणसाच्या ओठांना लागलेला प्याला उघडपणे हाती घेणाऱ्याचे काय होत असेल, याचा अंदाज करता येतो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्याच करजगावी १८६१ मध्ये जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षांनी त्यांच्याकडे परतल्या, तरी त्यांनी आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी ठेवली. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी त्या दिवसांची हकीकत निखळ विनोदाने सांगितली आहे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडवला आणि कोणाच्याही हातचे खाण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, १९०० मध्ये राहुरीला घेतला. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. धर्मशास्त्र ऐक्याचे तत्त्व मेजापासून सुरू करते. लक्ष्मीबाईंनी ते आधी स्वयंपाकघरात स्वीकारले.

मात्र एका मेजावर बसल्याने जात संपली, असे म्हणता येत नाही. मंडळीत सोयरीक जुळवताना मूळ जातीची चौकशी होत राहिली, पुढाऱ्यांच्या निवडीतही ती डोकावली. मराठी धर्मचिंतक अरविंद निर्मल यांनी १९८० च्या दशकात दलित ईश्वरविज्ञान मांडले, ते चर्चमध्ये बहुसंख्य असूनही चर्चच्या विचारात न दिसणाऱ्या माणसांच्या बाजूने. दलितांचे दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडून पाहणाऱ्या या विचाराने मोडलेल्या भाकरीचा अर्थही नव्याने वाचायला लावला.

एक प्रभू, अनेक मेजे

विसाव्या शतकात महाराष्ट्राने सहभागितेचे दोन मोठे टप्पे पाहिले. २८ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर १९६४ या काळात मुंबईत अडतिसावी आंतरराष्ट्रीय युखारिस्त (म्हणजे प्रभुभोजनविषयक) परिषद भरली. ओव्हल मैदानावर वेदी उभारली गेली आणि पोप सहावे पॉल तिला उपस्थित राहिले. भारतात आलेले ते पहिले पोप. सहा वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, अँग्लिकन, बॅप्टिस्ट आणि इतर परंपरा त्यात एकत्र आल्या. कोकणात उतरलेल्या स्कॉटिश मिशनरींचे, नगरच्या अमेरिकनांचे आणि पंचहौदच्या अँग्लिकनांचे आध्यात्मिक वारस त्यानंतर एकाच चर्चच्या मेजावर बसू लागले. 

चर्चेच्या पातळीवर पंथ जवळ आले आहेत. पेरूची राजधानी लिमा येथे १९८२ मध्ये तयार झालेल्या आंतरपंथीय निवेदनात उपकारस्तुती, स्मरण, पवित्र आत्म्याचे आवाहन, विश्वासणाऱ्यांची सहभागिता आणि देवराज्याचे भोजन अशा पाच अंगांनी या विधीचा समान अर्थ मांडला गेला. तरीही कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट आजही एकमेकांच्या मेजावर सर्रास बसत नाहीत. कॅथलिक भूमिका अशी, की एकत्र भोजन हे पूर्ण ऐक्याचे फळ आहे, म्हणून श्रद्धा व धर्मसत्ता यांबाबत एकमत आधी हवे. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या उलट बाजूने विचार करतात: मेज प्रभूचे आहे, त्याभोवती बसूनच ऐक्य वाढते. मिश्र विवाह झालेल्या घरांत हा मतभेद रविवारी सकाळी प्रत्यक्ष उभा राहतो. नवरा-बायको एकाच चर्चमध्ये शेजारी बसतात, पण एकच जण पुढे जातो.

सहभागितेचा शेवट मेजापाशी होत नाही. इसवी सन १५५ च्या सुमारास जस्टिन मार्टर यांनी रोममधील उपासनेचे वर्णन लिहिले. तिथे भाकर व द्राक्षारस वाटून झाल्यावर सेवक गैरहजर असलेल्यांच्या घरी त्यांचा वाटा नेऊन देत, आणि ऐपत असलेले लोक स्वखुशीने जे देत त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे पाहुणे यांचा सांभाळ होई. म्हणजे आरंभीच्या चर्चला हे तिन्ही एकच कृत्य वाटत होते: भाकर मोडणे, आजाऱ्याला ती पोहोचवणे आणि गरिबासाठी हात सैल सोडणे. आजही मिस्साचे शेवटचे शब्द भाविकाला बाहेर, आपल्या कामाला आणि माणसांकडे पाठवतात. ख्रिस्ती विचारानुसार प्रसाद अंगी लागला की नाही, हे तिथल्या वागण्यावरून ठरते. उपाशी माणूस दिसतो का, ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याच्या दारी पाय वळतो का, आणि कोणाच्याही हातचा घास घेताना मन अडखळत नाही ना, हे प्रश्न पौलाने करिंथला दिलेल्या इशाऱ्यातून उभे राहतात. मराठी मंडळीसमोरही तेच आहेत.